आकाशाचे गणित आणि मालकीचा प्रश्न

मृग नक्षत्राचा पहिला पाऊस पडला की वर्धा जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्यापुढे वर्षातला सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो : पेरावे की थांबावे? आर्वी असो वा समुद्रपूर, हिंगणघाट असो वा देवळी, कपाशी आणि सोयाबीन ही येथील प्रमुख पिके मुख्यतः पावसाच्या भरवशावर उभी आहेत. पहिल्या सरींवर विश्वासून बियाणे मातीत टाकले आणि पुढे पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडे राहिले, तर उगवलेले कोंब करपतात व दुबार पेरणी कपाळी येते. बियाणे दुसऱ्यांदा घ्यायचे, मजुरी दुसऱ्यांदा द्यायची. पण पीककर्ज मात्र दुसऱ्यांदा मिळत नाही, म्हणून सावकाराचा उंबरठा चढायचा. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. त्या आत्महत्यांची कारणे अनेक आहेत. परंतु वाया गेलेली पेरणी आणि तिच्यापोटी वाढलेले कर्ज हे त्यांतील एक जुने, परिचित कारण होय.

म्हणून पाऊस केव्हा येईल आणि आला तर टिकेल काय, या प्रश्नाचे उत्तर ही चैनीची वस्तू नव्हे. बियाणे आणि पाणी यांच्याइतकेच ते उत्पादनाचे साधन आहे. उत्पादनाच्या साधनांवर मालकी कोणाची, हा प्रश्न समाजवादी चळवळ जमिनीबाबत, गिरण्यांबाबत, बँकांबाबत विचारीत आली. तोच प्रश्न आता आकाशाच्या गणिताबाबत विचारण्याची वेळ आली आहे. हे गणित ज्या महासंगणकांवर होते, ते सार्वजनिक संस्थांच्या आवारातून उचलून खाजगी कंपन्यांच्या ‘क्लाउड’वर नेण्याचा प्रवाह जगभर जोर धरू लागला आहे, आणि या स्थलांतराची चर्चा तज्ज्ञांच्या परिषदांपुरतीच मर्यादित राहिली आहे.

अंदाज कसा तयार होतो?

हवामानाचा शास्त्रीय अंदाज म्हणजे पंचांग नव्हे. पृथ्वीभोवतालच्या वातावरणाची कल्पनेने लहान लहान चौकोनांत विभागणी केली जाते, प्रत्येक चौकोनावर थरांची उतरंड रचली जाते, आणि प्रत्येक खणातील हवेचा दाब, तापमान, आर्द्रता व वारा यांचे काही मिनिटांनंतरचे मूल्य भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी काढले जाते. मग त्यापुढील काही मिनिटांचे. असे पाऊल टाकीत दहा दिवस पुढे जायचे. चौकोन जितका लहान, तितके चित्र स्पष्ट. हवामान खात्याचे जागतिक प्रतिमान पूर्वी बारा किलोमीटरच्या चौकोनांवर चालत असे. ६,३१० चौरस किलोमीटरचा वर्धा जिल्हा त्यात अवघ्या चव्वेचाळीस चौकोनांत संपत असे. २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सहा किलोमीटरच्या चौकोनांवर चालते. म्हणजे त्याच जिल्ह्याच्या वाट्याला आता सुमारे पावणेदोनशे चौकोन येतात. परंतु चौकोनाची बाजू निम्मी केल्याने काम केवळ दुपटीने वाढत नाही. लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट, आणि काळाची पावलेही निम्मी टाकावी लागत असल्यामुळे एकंदर काम किमान आठपट होते.

हे आठपट काम पेलण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’ हा महासंगणक बसविण्यात आला. सेकंदाला अकरा हजार लाख कोटींहून अधिक गणिती क्रिया करण्याची त्याची क्षमता आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे आणि नोएडाच्या ‘अरुणिका’चे उद्घाटन झाले, दोहोंचा मिळून खर्च ८५० कोटी रुपये. हा पैसा जनतेचा आहे, यंत्र जनतेचे आहे, आणि त्यातून निघणारा अंदाज कोणत्याही ग्राहकाला विकावयाचा माल नाही. या एका वाक्यात सार्वजनिक क्षेत्राचे सारे समर्थन सामावलेले आहे.

याच २०२५ च्या पावसाळ्यात आणखी एक प्रयोग झाला. केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांच्या काही भागांतील सुमारे ३ कोटी ८० लक्ष शेतकऱ्यांना मोबाइल संदेशाने मोसमी पावसाच्या आगमनाचा अंदाज, काही ठिकाणी चार आठवडे आधी, पाठविला. त्या वर्षी पाऊस २४ मे रोजीच केरळात पोचला, झपाट्याने वर सरकला आणि मग वाटेत सुमारे तीन आठवडे खोळंबला. हा खोळंबा त्या अंदाजाने आधीच सुचविला होता. यशाबद्दल संबंधितांचे अभिनंदन केलेच पाहिजे. पण हा अंदाज कशातून निघाला, हेही पाहिले पाहिजे. गूगल कंपनीचे ‘न्यूरलजीसीएम’, युरोपीय राष्ट्रांच्या सामायिक हवामान केंद्राचे ‘एआयएफएस’ ही दोन कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रतिमाने आणि भारतीय हवामान खात्याने १२५ वर्षे जमविलेल्या पावसाच्या नोंदी, यांच्या मिश्रणातून तो निघाला.

ही प्रतिमाने ज्या सामग्रीवर शिकली, ती सामग्री कोणाची? जगातील सरकारी हवामान खात्यांनी, सरकारी उपग्रहांनी, जहाजांनी आणि खेड्यापाड्यांतील पर्जन्यमापकांवर रोज सकाळी नोंद घेणाऱ्या अल्पवेतनी माणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्या गोळा केली. युरोपच्या सार्वजनिक केंद्राने ती एकसंध मांडून सर्वांना खुली केली. कंपन्यांच्या शास्त्रज्ञांचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु कच्चा माल सार्वजनिक आहे. ही दोन प्रतिमाने आज खुली आहेत, कोणालाही वापरता येतात, हे चांगलेच. उद्याची प्रतिमाने तशीच खुली राहतील याची हमी मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. उदारता हा कंपनीचा स्वभाव नसतो. ते फार तर बाजारपेठ काबीज होईपर्यंतचे धोरण असते.

नकारातून उभे राहिलेले शास्त्र

भारताला या बाबतीत एक धडा पूर्वी मिळालेला आहे. १९८० च्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हव्या असलेल्या अधिक शक्तिमान यंत्राला अमेरिकी सरकारने संमती दिली नाही. हवामानाच्या कामासाठी म्हणून कमी क्षमतेचे एक यंत्र दिल्लीत आले, तेही कडक अटींवर. या नकारातून १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिची धुरा सांभाळणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे, म्हणजे वऱ्हाडच्या काळ्या मातीतलेच. १९९१ साली सी-डॅकने ‘परम ८०००’ उभा केला. एका अतिबलाढ्य गणकाऐवजी अनेक लहान गणक एकमेकांशी जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घेण्याची कल्पना त्यामागे होती. २०१५ साली ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान सुरू झाले आणि २०२५ पर्यंत त्यातून तीसहून अधिक यंत्रे देशातील शास्त्रसंस्थांत बसली.

ही स्वयंपूर्णता अपुरी आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. ‘अर्क’ एका फ्रेंच कंपनीने पुरविला; त्याआधीचा ‘प्रत्यूष’ क्रे कंपनीचाच होता. मुख्य गणकचिपा आजही बाहेरून येतात. परंतु विकत घेतलेले यंत्र आणि भाड्याचे यंत्र यांत मोठा फरक आहे. विकत घेतलेले यंत्र आवारात असते. विक्रेता रुसला तरी ते उद्या सकाळी चालते. भाड्याचे यंत्र मालकाच्या मर्जीवर चालते. जुलै २०२५ मध्ये याचा प्रत्यय आला. युरोपीय संघाने निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी कंपनीच्या सेवा एकाएकी थांबविल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. नायरा ही काही गरिबांची संस्था नव्हे, तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण भारताच्या भूमीवरील, भारताच्या कायद्याने चालणाऱ्या उद्योगाचे संगणक परक्या सत्तेच्या निर्णयाने बंद पडू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. १९८० च्या दशकात यंत्र देण्यासच नकार मिळाला होता. आता यंत्र आनंदाने दिले जाते, आणि नकार देण्याचा अधिकार राखून ठेवला जातो.

जिनिंग कोणाची?

‘क्लाउड’ या शब्दाने मोठी फसगत केली आहे. हे मेघ आकाशात नाहीत. नवी मुंबईसारख्या ठिकाणी जमिनीवर उभ्या असलेल्या, वीज आणि पाणी गिळणाऱ्या प्रचंड इमारतींत रांगेने लावलेले संगणक म्हणजे क्लाउड. ज्या महाराष्ट्राच्या विजेवर त्या इमारती रात्रंदिवस थंड ठेवल्या जातात, त्या विजेचा मोठा वाटा चंद्रपूर-कोराडीच्या कोळशातून येतो. आणि त्याच विदर्भातील शेतकरी वर्षानुवर्षे पंपासाठी रात्रपाळीची वीज घेऊन अंधारात ओलित करीत आला. संगणक इमारतीत असतो, भाडेकरू दूर कोठे तरी असतो, आणि तासाच्या हिशेबाने भाडे चालू असते.

वर्धा जिल्ह्याच्या वाचकाला ही व्यवस्था नवी वाटू नये. कापूस शेतकऱ्याचा, पण सरकीपासून रुई वेगळी करणारी जिनिंग व्यापाऱ्याची, गाठी बांधणारा प्रेस व्यापाऱ्याचा. बोंड घरात ठेवून उपयोग नाही आणि जिनिंग स्वतःची नाही, म्हणून दर कोणी ठरवायचा हे आधीच ठरलेले. वसाहतकाळात वऱ्हाड-खानदेशात जिनिंगमालक आपसात ‘पूल’ करून कापसावर प्रक्रियेचा दर बांधीत. सहकारी जिनिंगची चळवळ आणि १९७२ साली महाराष्ट्रात सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना यांच्यामागे हाच अनुभव होता. त्या योजनेत दोष होते, भ्रष्टाचार होता. तरीही ती मोडल्यानंतर शेतकऱ्याच्या हाती काय उरले, हे हिंगणघाटच्या बाजारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगा सांगतात. शास्त्रज्ञाची माहिती म्हणजे कापूस आणि क्लाउड म्हणजे जिनिंग, एवढे ध्यानात घेतले की उरलेला प्रश्न सोपा होतो.

जिनिंगमध्ये टाकलेला कापूस निदान परत आणता येत असे. क्लाउडमध्ये माहिती आत नेणे बहुधा मोफत असते, बाहेर काढण्याला मात्र मोजमापाने पैसे पडतात. हवामानाच्या प्रतिमानातून निघणारी माहिती इतकी अवाढव्य असते की ती बाहेर काढण्याचा खर्च हाच कुलुपाचे काम करतो. २०२४ च्या सुरुवातीला तीन मोठ्या कंपन्यांनी, ग्राहक आपली सेवा पूर्णपणे सोडून जात असेल तर हा आकार माफ करण्याचे जाहीर केले. म्हणजे रोजच्या देवाणघेवाणीवरील आकार कायमच राहिला. युरोपीय संघाने कायदा करून सेवा बदलण्यावरील आकार जानेवारी २०२७ पासून बंद करण्याचे ठरविले आहे. कायद्याशिवाय हे कुलूप उघडत नाही, असाच त्याचा अर्थ.

वेचणी आणि घमेल्यांची साखळी

क्लाउडला सरसकट विरोध करणे मात्र शास्त्रीय दृष्टीला धरून होणार नाही. मोठ्या शास्त्रीय गणनाचे दोन प्रकार आहेत, आणि दोन्ही प्रकार शेतावर पाहायला मिळतात.

पहिला प्रकार कापूस वेचणीचा. वीस बाया वीस ओळी धरतात. प्रत्येकीची ओळ स्वतंत्र. एक बाई मध्येच घरी गेली तर तिची ओळ मागे राहते, बाकीच्यांचे काम अडत नाही. बियाण्याच्या हजारो वाणांच्या जनुकांची तुलना, एकाच अंदाजाच्या पन्नास निरनिराळ्या आवृत्त्या स्वतंत्रपणे चालविणे, उपग्रहाच्या छायाचित्रांतून पिकांचे क्षेत्र मोजणे, ही कामे या जातीची. ती क्लाउडवर उत्तम चालतात. मालकाला गरज पडताच दोन मिनिटांच्या सूचनेने परत घेतली जाणारी स्वस्त यंत्रेही त्यांना चालतात. ठरावीक टप्प्यावर हिशेब लिहून ठेवला की झाले.

दुसरा प्रकार विहिरीच्या खोदकामावरील घमेल्यांच्या साखळीचा. येथे प्रत्येक हात शेजारच्या हाताची वाट पाहतो. एक माणूस रेंगाळला की साखळी थांबते; साखळीचा वेग हा सर्वांत संथ माणसाचा वेग असतो. हवामानाचे मुख्य प्रतिमान या जातीचे आहे. एका चौकोनातील वारा शेजारच्या चौकोनात जातो, म्हणून प्रत्येक पावलाला हजारो गणकांनी शेजाऱ्याला निरोप द्यावा लागतो. महासंगणकात यासाठी खास अतिवेगवान जोडणी असते. सर्वसाधारण क्लाउडमध्ये तीच वाट अनेक भाडेकरू वापरीत असल्याने निरोप उशिरा पोचतो, आणि हजार यंत्रांचे भाडे भरून त्यांतील निम्मी नुसती वाट पाहत बसतात. कंपन्यांनी आता खास जोडणीची यंत्रेही देऊ केली आहेत. ती तितकीच महाग आहेत. शिवाय ही प्रतिमाने अनेक दशकांपूर्वी फोरट्रान भाषेत लिहिली गेली. ती नव्या यंत्रणेला जुळवून घेणे, सर्व लवाजम्यासह एका बंद पेटीत बांधून कोठेही चालतील अशी करणे, हे काही वर्षांचे कष्टाचे, कुशल काम आहे. ते कोण करणार, आणि त्यातून मिळालेले कौशल्य कोणाकडे राहणार?

खर्चाचा हिशेबही याच रीतीने मांडला पाहिजे. सोयाबीन काढणीला शेतकरी थ्रेशर भाड्याने आणतो, कारण ते वर्षातून दोन दिवस लागते. पण जी बैलजोडी रोज लागते, ती कोणी वर्षभर भाड्याने ठेवीत नाही. हवामानाचे गणित वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाचे चोवीस तास चालते. ते बैलजोडीच्या जातीचे आहे. चक्रीवादळाच्या वेळी अचानक वाढणारे काम, किंवा जेथे कधीच महासंगणक येणार नाही अशा सेवाग्रामच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला हवे असलेले शंभर तास, हे थ्रेशरच्या जातीचे. दोहोंना एकच नियम लावणे म्हणजे व्यवहार न कळणे, अथवा तो फार चांगला कळणे.

तरीही प्रवाह कोणत्या दिशेला आहे? ब्रिटनच्या हवामान खात्याचा मे २०२५ मध्ये सुरू झालेला नवा महासंगणक मायक्रोसॉफ्टचा आहे आणि तो त्याच कंपनीच्या आवारात आहे. दीडशेहून अधिक वर्षे राष्ट्राची सेवा करणारे खाते आता सेवेचे ग्राहक झाले. भारतात मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ अभियानात संशोधकांना प्रगत गणकयंत्रे तासाला सुमारे ६५ रुपये अशा सवलतीच्या दराने मिळतात. विद्यार्थ्याला लाभ होतो हे खरे. पण ही यंत्रे बहुतांशी खाजगी कंपन्यांची आहेत. भाड्यातील फरक सरकार भरते, भाडे कंपनीला जाते आणि यंत्रही कंपनीकडेच राहते. अनुदान जनतेचे आणि भांडवलसंचय खाजगी, हा भांडवलशाहीचा जुनाच नमुना नव्या नावाने अवतरला आहे. याउलट सी-डॅकच्या बंगळुरू केंद्रातील ‘परम उत्कर्ष’ हे यंत्र क्लाउडच्या पद्धतीने सेवा देते आणि ते सार्वजनिक आहे. म्हणजे तंत्र एक, मालकी दुसरी, असे होऊ शकते. क्लाउड हे तंत्र आहे. मक्तेदारी हा त्याचा अटळ धर्म नव्हे.

१९२९ ची कसोटी

या प्रश्नाचा निवाडा करण्यासाठी परदेशी ग्रंथांची गरज नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. गांधीजी यंत्राचे शत्रू होते, असे समजणाऱ्यांनी त्याच्या अटी वाचाव्यात. यंत्र हलके असावे, झोपडीत हातापायाने चालविता यावे, किंमत दीडशे रुपयांपेक्षा अधिक नसावी, आणि वर्षाचा देखभालखर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. सर्वांत महत्त्वाची अट मालकीची होती : शोधकाला आपल्या यंत्राचे पेटंट घेता येईल, पण पारितोषिक हवे असेल तर त्याला ते पेटंट संघाच्या स्वाधीन करावे लागेल. पारितोषिक अखेर कोणालाच मिळाले नाही. अटी मात्र आजही जिवंत आहेत. यंत्र किती मोठे, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. ते कोणाच्या हाती, कोण दुरुस्त करणार आणि त्याचे ज्ञान कोणाचे, हे त्यांचे प्रश्न होते.

डॉ. लोहियांनी १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात लहान यंत्राचा विचार मांडला. तो मानणारे काही कार्यकर्ते विचारतील की, एवढ्या अजस्र महासंगणकाचे समर्थन समाजवाद्यांनी का करावे? उत्तर असे की, काही कामे स्वभावतःच मोठी असतात. सूत घरात कातता येते. मोसमी वारा एका तालुक्यात मोजून संपत नाही. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर एकाच हिशेबात धरावे लागतात. जेथे काम अपरिहार्यपणे मोठे आणि केंद्रित असते, तेथे ते समाजाच्या मालकीचे असले पाहिजे, हे गांधीजींनाही मान्य होते. मगनवाडीत ग्रामोद्योगांचा संसार मांडणाऱ्या डॉ. जे. सी. कुमारप्पांनी केंद्रित उद्योगांना हीच मर्यादा घातली. मोठे यंत्र सार्वजनिक आणि त्याचे फळ लहान घटकापर्यंत पोचलेले, हीच लहान यंत्राच्या विचाराची आजची मांडणी होय.

पुण्याहून वर्ध्यापर्यंत

पण येथेच सार्वजनिक व्यवस्थेचा खरा दोष दिसतो, आणि समाजवाद्यांनी तो निर्भीडपणे सांगितला पाहिजे. सेकंदाला हजारो लाख कोटी गणिते करणारे यंत्र पुण्यात आहे. पण त्याचे उत्तर ‘या आठवड्यात पेरू नका’ अशा शब्दांत शेतकऱ्यापर्यंत नेणारा माणूस कोठे आहे? त्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी-हवामान केंद्रे काढण्यात आली होती. देशात अशी १९९ केंद्रे काम करीत होती. जिल्ह्यातील पीक, माती आणि पावसाचा अंदाज यांची सांगड घालून तालुक्यापर्यंतचा सल्ला तयार करणारे कंत्राटी तज्ज्ञ तेथे होते. २०२४ च्या सुरुवातीला ही केंद्रे बंद करण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरात ८५० कोटींच्या यंत्रांचे उद्घाटन झाले. विहीर खोल करायची आणि दोर कापायचा, अशातला हा प्रकार आहे.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘महावेध’ प्रकल्पात राज्याच्या महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. ही केंद्रे स्कायमेट या खाजगी कंपनीने स्वतः बांधून, स्वतःची मालकी ठेवून चालवायची, असे कराराचे स्वरूप होते. जागा मात्र शासनाने दिली. पीकविम्याचे दावे अशा केंद्रांच्या आकड्यांवर ठरतात. मंडळात पाऊस किती पडला याची नोंद हाच जेव्हा भरपाईचा पुरावा असतो, तेव्हा पुराव्याची वही खाजगी मालकीची असावी काय? पर्जन्यमापकाच्या पातळीवर जो प्रश्न आहे, तोच महासंगणकाच्या पातळीवर आहे. खालपासून वरपर्यंत साखळी एकच आहे.

यातून काही मागण्या स्पष्टपणे पुढे येतात. हवामान, भूजल, पीकरोग आणि सार्वजनिक आरोग्य यांचे अखंड चालणारे गणित सार्वजनिक यंत्रांवरच झाले पाहिजे. तात्पुरत्या किंवा स्वतंत्र ओळींच्या कामासाठी क्लाउड भाड्याने घ्यायला हरकत नाही; परंतु प्रत्येक करारात, माहिती विनामूल्य बाहेर काढता येईल आणि प्रतिमान कोणत्याही सार्वजनिक यंत्रावर जसेच्या तसे चालविता येईल, ही अट असली पाहिजे. सार्वजनिक पैशातून लिहिलेली प्रत्येक आज्ञावली आणि प्रत्येक पर्जन्यमापकाची नोंद जनतेला खुली असली पाहिजे. ही प्रतिमाने नव्या यंत्रणांना जुळवून घेणारे अभियंते कंत्राटावर नव्हे, तर कायम सेवेत असले पाहिजेत. कारण यंत्र पुन्हा विकत घेता येते, पांगलेले कौशल्य पुन्हा जमविता येत नाही. आणि बंद केलेली जिल्हा कृषी-हवामान केंद्रे पुन्हा, अधिक चांगल्या वेतनावर, सुरू झाली पाहिजेत.

या मागण्या दिल्लीच्या समित्यांपुढे मांडून भागणार नाही. वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळ्यात आपापल्या महसूल मंडळातील हवामान केंद्र कोठे आहे, ते चालते काय, त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते काय, याची पाहणी करावी. ग्रामसभेत ठराव करून ती नोंद मागावी. पेरणीपूर्वी जो अंदाज शेतकऱ्याला मिळाला तो लिहून ठेवावा आणि आश्विनात तो ताडून पाहावा. अंदाज चुकला तर खात्याला जाब विचारता येतो. कंपनीच्या भाडेकराराला जाब विचारता येत नाही, हा मालकीचा सर्वांत व्यावहारिक अर्थ शेतकऱ्याला समजावून सांगावा. जमीन कसणाऱ्याची, ही घोषणा या चळवळीने एकेकाळी घरोघर पोचविली. पाऊस ज्याच्या शेतावर पडतो, त्या पावसाचे गणितही त्याच्याच मालकीचे असले पाहिजे, ही तिचीच पुढची पायरी आहे.